सेनापती बापट : हे सेनापती कुठल्या फौजेचे?

पुणे-मुंबईला कामाला गेलेल्या प्रत्येकाला सेनापती बापट रस्ता माहीत असतो. पण हे सेनापती कुठल्या फौजेचे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ही फौज होती मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, गाव पारनेर. घरची परिस्थिती बेताची, पण डोकं हुशार. शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनिअरिंग शिकायला एडिनबरोला गेले. तिथे इंग्रजांच्या राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकले. मायदेशी परतल्यावर भूमिगत राहावं लागलं, तुरुंगही पाहिला. सुटल्यावर पारनेरला येऊन हातात झाडू घेतला आणि गावातले रस्ते साफ करू लागले.

तेवढ्यात मुळशीचा प्रश्न पेटला. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीला मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं होतं. पन्नासहून जास्त गावं आणि भाताची चांगली खाचरं पाण्याखाली जाणार होती. जमीन ताब्यात यायच्या आधीच कंपनीने शेतात चर खणायला सुरुवात केली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, बाया-पोरांसह शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि बापट पुढे होते. याच लढ्यात बापटांना लोक सेनापती म्हणू लागले.

पण काही महिन्यांनी काम परत सुरू झालं, आणि लढ्यात फूट पडली. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना जमिनीपेक्षा मोबदला हवा होता. तो मिळायची खात्री झाली तसे ते बाजूला झाले. पिढ्यानपिढ्या नांगर धरणाऱ्या कुळाचं नाव कागदावर नव्हतं, त्यामुळे त्याच्या हाती फारसं काहीच आलं नाही.

बापट मात्र मागे हटले नाहीत. पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. 1924 साली मोजक्या साथीदारांसह त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. या वेळी सोबत शस्त्रंही होती. सात वर्षांची शिक्षा झाली. ते 1931 ला सुटले, तोवर धरण बांधून झालं होतं. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करू लागलं होतं, गावं बुडाली होती.

28 नोव्हेंबर 1967 ला मुंबईत सेनापतींचं निधन झालं. मुळशीची जमीन वाचली नाही. पण धरणाविरुद्ध शेतकरी एक होऊन उभा राहू शकतो, हे देशाने तिथेच पहिल्यांदा पाहिलं. आज आपल्या तालुक्यात धरण, कालवा किंवा रस्त्यासाठी मोजणी आली, तर मुळशीची एक गोष्ट विसरू नका : सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, ते आधी बघा. आणि ज्याचं नाव नाही पण पोट त्याच जमिनीवर आहे, त्याला सोडून कुठेही सही करू नका.