नरकाची भयानक चित्रं काढणारा बॉश वेडा नव्हता, तो तर गावातला मानाचा भाविक होता

घरात कुणी गेलं की आपल्याकडे गरुडपुराण वाचतात. कुठल्या पापाला कुठली शिक्षा, याचा पूर्ण हिशोब त्यात असतो. कुणाला उकळत्या तेलात टाकतात, कुणावर साप सोडतात. ज्यांनी हे ऐकलेलं नाही, त्यांनीही जत्रेतल्या दुकानावर लटकलेली नरकाची चित्रं पाहिलेली असतात. यमदूत करवतीने माणूस कापतायत आणि वर पापाचं नाव लिहिलंय. लहानपणी त्या दुकानासमोरून जाताना पोरं आईचा पदर घट्ट धरायची.

साधारण 500 वर्षांपूर्वी युरोपातल्या एका चित्रकाराने असाच नरक रंगवला. फरक इतकाच की त्याने त्यात जे घुसवलं, ते आधी कुणी असं रंगवलं नव्हतं. पक्ष्याच्या डोक्याचा निळा राक्षस उंच खुर्चीत बसून माणूस गिळतोय. दोन मोठे कान मधे सुरी घेऊन रणगाड्यासारखे चालतायत. वाद्यावर माणसं टांगलीत. डुकराने नन बाईचा पेहराव घातलाय आणि ती एका माणसाच्या गळ्यात पडतेय.

हे चित्र तुम्ही फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर कधी ना कधी पाहिलं असणार. त्याखाली कमेंट ठरलेली असते, हा माणूस नक्की नशेत होता. कुणी म्हणतं वेडा होता, कुणी म्हणतं चर्चविरोधी गुप्त पंथातला होता.

त्याचं नाव हिरोनिमस बॉश. आणि कागदपत्रं बघितली तर गडी यातलं काहीच नव्हता.

गावाचं नाव लावणारा माणूस

करकंबचा माणूस बाहेरगावी गेला की करकंबकर होतो. बॉशचंही तसंच झालं. त्याचं घराणं वॅन आकेन, म्हणजे मूळचं जर्मनीतल्या आखेनचं. पण त्याचा जन्म साधारण 1450 च्या सुमाराला सेर्टोगेनबॉश नावाच्या गावात झाला. हे गाव आज नेदरलँड्समध्ये आहे, तेव्हा ब्राबांटच्या ड्यूकच्या ताब्यात होतं. गावाच्या नावाचा अर्थच ड्यूकचं रान. लोक त्याला नुसतं डेन बॉश म्हणतात. पठ्ठ्याने चित्रावर सही करताना घराण्याचं नाव सोडलं आणि गावाचं लावलं.

चित्रकला त्याच्या घरातच होती. आजोबा चित्रकार, वडील चित्रकार, काकाही चित्रकार. गावाच्या भर बाजारपेठेत त्यांचं घर होतं. जनावरं विकायला आलेले शेतकरी, भिकारी, डोंबारी, पाद्री, सैनिक हे सगळे त्याच चौकातून जायचे. बॉशच्या चित्रांत पुढे गर्दी दिसते ती अशाच माणसांची.

1463 मध्ये या गावाला मोठी आग लागली. घरं बहुतेक लाकडाची, त्यामुळे गावाचा मोठा भाग बेचिराख झाला. बॉश तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. त्याच्या नरकात मागे कायम रात्र असते, काळ्या आभाळाखाली घरं जळत असतात आणि त्या उजेडात माणसं पळत असतात. हा नरक पुराणातून आला तितकाच लहानपणीच्या त्या आगीतूनही आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

पंढरपूरसारखं यात्रेचं गाव

डेन बॉश हे यात्रेचं ठिकाण होतं. तिथल्या सेंट जॉन चर्चमध्ये मेरीची लाकडी मूर्ती आहे. 1380 च्या दशकात ती नवसाला पावते अशी ख्याती झाली आणि लांबलांबून लोक यायला लागले. पंढरपूरला आषाढीला काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला अशा गावाचं अर्थकारण आणि वातावरण वेगळं सांगायला नको.

या मेरीच्या सेवेसाठी 1318 पासून गावात एक मंडळ होतं. प्रार्थना, गायन, मिरवणूक, दानधर्म आणि वर्षाच्या पंगती ही त्याची कामं. युरोपभर त्याचे हजारो साधे सभासद होते. पण आतल्या गोटात शपथ घेतलेली मोजकीच मंडळी असायची. त्यात पाद्री आणि प्रतिष्ठित घरातली माणसं. एका पंगतीत चक्क हंस वाढला जायचा, म्हणून या मानकऱ्यांना हंसबंधू म्हणायचे.

बॉश 1486-87 मध्ये सभासद झाला आणि वर्षभरातच शपथ घेऊन हंसबंधू झाला. पुढे मरेपर्यंत तो मंडळात राहिला.

त्याआधी, 1480 च्या आसपास, त्याचं लग्न आलेइट वॅन दे मेर्वेने हिच्याशी झालं होतं. ती श्रीमंत घरातली. लग्नानंतर दोघं बाजारपेठेतल्या चांगल्या बाजूच्या घरात राहायला गेले. मूलबाळ झालं नाही. पैशाची चणचण नव्हती, त्यामुळे पोटासाठी मिळेल ते काम करायची वेळ त्याच्यावर आली नाही.

बॉशने एकही पत्र किंवा डायरी मागे ठेवलेली नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते गावाच्या दप्तरातून आणि मंडळाच्या हिशोबाच्या वह्यांतून. त्यात दिसतो तो वेळेवर कर भरणारा, देवधर्म करणारा, घरंदाज माणूस. वेडाची किंवा बंडाची एक नोंद सापडत नाही.

मग हे राक्षस आले कुठून?

पहिली जागा म्हणजे चर्च. त्याच्या हयातीत सेंट जॉन चर्चचं बांधकाम चालूच होतं आणि बाहेरच्या कमानींवर दगडी माणसं आणि विचित्र प्राणी बसवले जात होते. हाताने लिहिलेल्या प्रार्थनापुस्तकांच्या समासातही असले अर्धे माणूस अर्धे जनावर असलेले जीव काढायची जुनी पद्धत होती. बॉशने काय केलं, तर समासातले हे जीव उचलून थेट चित्राच्या मधोमध आणले.

दुसरी जागा म्हणजे रोग. त्या काळी युरोपात राय नावाच्या धान्याची भाकरी खायचे. ओलसर हवेत रायवर एक बुरशी यायची. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, त्याच जातीची. ती पिठात गेली की हातपाय भाजल्यासारखे जळायचे, झटके यायचे, भास व्हायचे, शेवटी बोटं काळी पडून गळायची. या रोगाला सेंट अँथनीची आग म्हणायचे, कारण रोगी या संताला नवस बोलायचे आणि त्याच्या नावाचे साधू त्यांची दवाखान्यात सेवा करायचे. बॉशने सेंट अँथनी अनेकदा रंगवला. लिस्बनच्या संग्रहालयातल्या मोठ्या चित्रात संताभोवती राक्षसांचा बाजार भरलाय, मागे गाव पेटलंय, आणि समोर कापडावर एक तुटलेला पाय ठेवलाय. बघणाऱ्याला त्यात ओळखीचा रोग दिसायचा.

तिसरी जागा म्हणजे म्हणी. जग म्हणजे गवताची गंजी, ज्याच्या हाताला येईल तेवढं तो ओढतो, अशा अर्थाची तिकडे एक म्हण होती. बॉशने तिचं अख्खं चित्र केलं. गवताने भरलेली गाडी चाललीय, लोक पेंढीसाठी एकमेकांचे गळे कापतायत, मागून पोप आणि सम्राट रुबाबात येतायत. आणि गाडी ओढणारे राक्षस तिला सरळ नरकाकडे नेतायत. या चित्रात पोपलाही सूट नाही.

ते गाजलेलं चित्र

सोशल मीडियावर फिरतो तो नरक एका मोठ्या चित्राचा तिसरा भाग आहे. चित्राचं आजचं नाव 'ऐहिक सुखांची बाग'. ते माणसापेक्षा उंच आहे आणि तीन लाकडी फळ्यांवर काढलंय. बाजूच्या दोन फळ्या खिडकीच्या झडपांसारख्या मिटतात. मिटल्यावर बाहेर करड्या रंगात नुकतीच घडत असलेली पृथ्वी दिसते. उघडलं की डावीकडे आदम, ईव्ह आणि देव. मधे शेकडो उघडी माणसं, प्रचंड पक्षी आणि माणसाएवढ्या स्ट्रॉबेरी. उजवीकडे नरक.

नरकातल्या शिक्षेचा हिशोब नीट बघितला तर कळतो. जुगाऱ्यांच्या अंगावर पत्ते आणि फासे पडलेत. खादाडाला ओकायला लावलंय. पैशाच्या लोभ्याच्या शरीरातून नाणी पडतायत. चैनीत वाजवलेली वीणा आणि सतारीसारखं वाद्य इथं छळाची हत्यारं झालीत. एकाच्या ढुंगणावर तर संगीताची लिपी लिहिलीय. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थिनीने ती वाचून वाजवली आणि ते रेकॉर्डिंग जगभर व्हायरल झालं.

गरुडपुराणाचंही गणित हेच आहे. ज्या सुखाने पाप घडलं, तेच उलटून अंगावर येतं. बॉशने धर्म मोडला नाही, त्याने तो इतका खरा मानला की नरकाची खुर्ची कशी असेल हेसुद्धा ठरवलं.

मोठ्या लोकांना हे आवडायचं. 1504 मध्ये ब्राबांटचा ड्यूक फिलिप द हँडसम याने त्याला शेवटच्या निवाड्याचं मोठं चित्र काढायला आगाऊ पैसे दिले होते. बॉश 1516 च्या ऑगस्टमध्ये वारला. 9 ऑगस्टला सेंट जॉन चर्चमध्ये मंडळाने त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि वहीत नामवंत चित्रकार म्हणून त्याची नोंद झाली.

मेल्यावर लागलेला आरोप

तो गेल्यावर नकला करणाऱ्यांचं पीक आलं. 1560 च्या सुमाराला फेलिपे दे गेवारा या स्पॅनिश संग्राहकाने लिहून ठेवलंय की लोक खोटी चित्रं धुराड्यात धुरी देऊन जुनी दाखवतात आणि बॉशची म्हणून विकतात. राक्षस काढला की झाला बॉश, असा समज पसरला.

त्याच काळात युरोपात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या जीवावर उठले होते. 1568 मध्ये ड्यूक ऑफ अल्बाने विल्यम ऑफ ऑरेंजची मालमत्ता जप्त केली, त्यात 'ऐहिक सुखांची बाग' पण गेली. पुढे ती स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्याकडे आली. हा राजा म्हणजे कट्टर कॅथलिक. त्याने बॉशची चित्रं एस्कोरियलच्या राजवाड्यात ठेवली, सात पापांचं चित्र तर आपल्या खोलीत.

तरी कुजबुज सुरू झालीच, की असलं काढणारा पाखंडी असणार. तेव्हा पाखंडी ठरणं म्हणजे चेष्टा नव्हती. माणूस मेला असला तरी चित्रं जाळली गेली असती. 1605 मध्ये होसे दे सिग्वेन्झा या साधूने त्याची बाजू लिहून मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. बाकीचे चित्रकार माणूस बाहेरून कसा दिसतो ते काढतात, बॉशने तो आतून कसा आहे ते काढलं. शिवाय इतका धार्मिक राजा पाखंड्याची चित्रं घरात ठेवेल का?

विसाव्या शतकात विल्हेल्म फ्रेंगर या जर्मन अभ्यासकाने पुन्हा त्याला गुप्त पंथात बसवलं. थिअरी लोकांना आवडली, पण पुरावा काही मिळाला नाही. साल्वादोर दाली आणि त्याच्या काळच्या चित्रकारांची स्वप्नासारखी चित्रं आली तेव्हा त्यांचा आजोबा म्हणूनही बॉशचं नाव घेतलं गेलं.

गावाकडे काय उरलं?

या सगळ्यात सगळ्यात मोठं नुकसान त्याच्या गावाचं झालं. 1566 मध्ये प्रॉटेस्टंट जमावांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडली. 1629 मध्ये गावच प्रॉटेस्टंटांनी जिंकलं आणि कॅथलिक पूजेवर बंदी आली. बॉशने गावाच्या चर्चसाठी केलेलं काम एकतर नष्ट झालं किंवा बाहेर गेलं. आज जगात त्याची म्हणून मानली जाणारी जेमतेम पंचवीस चित्रं आहेत. माद्रिद, लिस्बन, व्हिएन्ना, व्हेनिस, पॅरिस अशी ती विखुरलीत. डेन बॉशकडे एकही नाही.

2016 मध्ये त्याच्या मृत्यूला 500 वर्षं होणार होती. गावातल्या छोट्या संग्रहालयाला प्रदर्शन भरवायचं होतं, पण उसनी चित्रं मागायची तर बदल्यात द्यायला हातात काही नको का? त्यांनी डोकं लावलं. काही वर्षं आधीच अभ्यासकांचा गट तयार केला. हा गट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बॉशची चित्रं आधुनिक कॅमेऱ्यांनी तपासायचा, काहींच्या दुरुस्तीला हातभार लावायचा. बदल्यात संग्रहालयांनी चित्रं उसनी द्यायची. तपासात रंगाखालची रेखाटनं दिसली, लाकडाचं वय कळलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पडून असलेलं एक छोटं चित्र बॉशचंच आहे, असं या गटाने सांगितलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली काही चित्रं त्याची नाहीत असंही सांगितलं, त्यावरून मोठा वाद झाला.

'ऐहिक सुखांची बाग' काही माद्रिदमधून हलली नाही. पण बाकीची बरीच चित्रं आली. फेब्रुवारी ते मे 2016 या तीन महिन्यांत 4 लाखांहून जास्त लोकांनी प्रदर्शन पाहिलं. शेवटी शेवटी तर संग्रहालय रात्रभर उघडं ठेवावं लागलं.

मग चित्रं आपापल्या देशात परत गेली. आता गावात एका जुन्या चर्चमध्ये त्याच्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्यात. बाजारपेठेत, जिथे त्याचं घर होतं त्या चौकात, हातात रंगांची पाटी घेतलेला त्याचा पुतळा उभा आहे. आणि ज्या मंडळाच्या पंगतीला तो बसायचा, ते मंडळ आजही चालू आहे. त्यात आता कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघंही असतात.