लुई ब्रेल यांची गोष्ट

फ्रान्स देशात पॅरिस शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे 4 जानेवारी 1809 रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. चार भावंडांत ते शेंडेफळ. त्यांचे वडील घोड्यांची खोगिरं, लगाम आणि चामड्याचा साज बनवत. तेव्हा मोटारी नव्हत्या. नांगरापासून गाडीपर्यंत सगळं घोड्यावर, म्हणून वडिलांना काम पुष्कळ असे. (लुई लहान आहे तोपर्यंत मी त्याला अरेतुरे करणार आहे. मोठे झाले की अहोजाहो करीन.)

लुई तीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. वडिलांच्या कामाच्या खोलीत शिरून त्याने आरी उचलली. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायचे टोकदार हत्यार. आपल्याकडे चपला शिवतात तिथे तुम्ही पाहिली असेल. वडिलांसारखं भोक पाडायला गेला आणि आरी सटकून डोळ्यात घुसली. घरच्यांनी औषधपाणी केलं, पण जखम चिघळली. जंतू मारणारी औषधं तेव्हा निघाली नव्हती. दुसरा डोळाही बिघडला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुईला काहीच दिसेनासं झालं.

त्या काळी आंधळ्या मुलांना पुष्कळदा भीक मागायला लावत. लुईच्या आईवडिलांनी तसे केले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. ती टेकत तो गावभर फिरायचा. फळीवर खिळे ठोकून वडिलांनी त्याला अक्षरांचा आकार हाताने शिकवला, असेही सांगतात. गावच्या शाळेत तो इतर मुलांबरोबर बसे आणि नुसतं ऐकून सगळं पाठ करी. मास्तरांना त्याचं कौतुक होतं. पण वाचनाची वेळ आली की सगळी मुलं पुस्तकात आणि हा एकटा रिकामा बसलेला. मला ही गोष्ट वाचताना याच ठिकाणी फार वाईट वाटलं.

1819 साली लुईला पॅरिसला अंध मुलांच्या शाळेत पाठवले. तेव्हा तो 10 वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. घर सोडून राहायचं, आणि तेही न दिसणाऱ्या शहरात! ती शाळा वालांतिन आयुई नावाच्या गृहस्थांनी काढली होती. ते भले गृहस्थ होते. अंध मुलांना वाचता आले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून त्यांनी जाड ओल्या कागदावर अक्षरांचे साचे दाबून उठावाची अक्षरे काढली. ती हाताने चाचपून वाचायची. पण अक्षर मोठे असावे लागे, म्हणून पुस्तक धोंड्यासारखे जड होई. एकेक अक्षर कडेकडेने चाचपताना ओळीचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायला होई. आणि त्या तऱ्हेने मुलांना स्वतः लिहिता तर मुळीच येत नसे. ती अक्षरे डोळ्यांना सुंदर दिसायची. बोटांना मात्र अवघड जायची.

1821 साली शाळेत शार्ल बार्बिये यांची लिपी आली. हे गृहस्थ पूर्वी सैन्यात होते. फार न शिकलेल्यांना आणि अंधांना लिहिता यावे म्हणून त्यांनी ठिपक्यांची लिपी काढली होती. कागदावर टोचून उंचवटे करायचे. मुलांना आनंद झाला, कारण ठिपका बोटाला चटकन कळतो आणि मुलाला स्वतः टोचताही येतो. पण एका खुणेला 12 पर्यंत ठिपके लागत, उभे सहा आणि आडवे दोन. एवढी खूण एका बोटाखाली मावत नसे. शिवाय ते उच्चाराचे ठिपके होते. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, गणिताचे आकडे नाहीत.

लुईने ही लिपी हातात घेतली आणि सुधारत बसला. दिवसा शाळा, म्हणून रात्री आणि सुट्टीत टोचत बसायचा. शेवटी त्याने ठिपके निम्मे केले. उभे तीन, आडवे दोन, एकूण सहा. आता खूण बोटाच्या पेराखाली बरोबर बसली. बोट वरखाली फिरवायला नको. तेव्हा 1824 साल होते आणि लुई 15 वर्षांचा होता. आमच्या गावात 15 वर्षांची मुलं दहावीला असतात!

सहा ठिपक्यांत एवढी अक्षरं कशी बसली, हे मला समजेना. मग बाईंनी फळ्यावर गणित करून दाखवलं. प्रत्येक ठिपका एक तर आहे किंवा नाही. म्हणून दोनाची दुप्पट करत जायचं: 2, 4, 8, 16, 32, 64. त्यातली एक जागा कोरी, म्हणजे उरल्या 63 खुणा. अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, गाण्याचे सूर, सगळं त्यात होतं.

आमच्या घरी माझ्या आजोबांचे थोरले भाऊ आहेत. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांना काही वर्षांपासून दिसत नाही. मी पुठ्ठ्यावर गव्हाचे दाणे डिंकाने चिकटवून 'कमल' असे ब्रेलमध्ये लिहिलं आणि आबांना दिलं. त्यांच्या बोटांना खुरपं धरून घट्टे पडलेत, म्हणून मी मुद्दाम मोठे दाणे घेतले होते. आबांना दाणे कळले, पण अक्षर कळेना. एक दाणा चाचपला की बोट पुढं सरकवायला लागायचं आणि आधीचा कुठं होता ते राहत नसे. बार्बियेंच्या लिपीचं असंच होत असणार. मग मी बाजरी घेतली. बाजरीचे सहा दाणे एका बोटाखाली राहतात. पहिल्या दिवशी आबा म्हणाले की नुसतं खरखरीत लागतंय. तिसऱ्या दिवशी त्यांना क आणि ल यांतला फरक कळला. क ला डाव्या रांगेत वरचा आणि खालचा दाणा असतो. ल ला मधलाही असतो. आणि क च्या उजवीकडे वर एक दाणा लावला की म होतो. एका दाण्याने अक्षर बदलतं.

आता लुई मोठे झाले. 1833 साली ते त्याच शाळेत पूर्ण शिक्षक झाले. ते चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत. ऑर्गन म्हणजे फार मोठी पेटी. त्यांनी आपल्या लिपीचे पुस्तक 1829 साली छापले, आणि सुधारून परत 1837 साली. पण अंध मुलाला घरी पत्र लिहायचे असेल तर? आईला ठिपके कुठे वाचता येतात! म्हणून 1839 साली त्यांनी नेहमीची अक्षरे ठिपक्यांनी काढायची युक्ती छापली. ती अंधांना लिहिता येई आणि डोळसांना वाचता येई. मला ही त्यांची गोष्ट सगळ्यात आवडली. आईचा विचार कोण करतं?

इतके होऊनही शाळेने ब्रेल लिपी लगेच घेतली नाही. 1840 साली नवे मुख्याध्यापक आले. त्यांचे म्हणणे, अंधांची लिपी वेगळी झाली तर ते जगापासून वेगळे पडतील. त्यांनी ठिपके बंद केले आणि पुस्तके जाळली. मला वाटतं ते मनाने वाईट नसतील. पण वाचायचं होतं मुलांना, आणि मुलांच्या बोटांना कोणी विचारलंच नाही. मुलं ऐकली नाहीत. ती चोरून ठिपके लिहीत राहिली, मोठी मुलं लहानांना शिकवत राहिली. शेवटी मुख्याध्यापकांनीच हट्ट सोडला. 1844 साली शाळेच्या नव्या इमारतीचा समारंभ झाला, तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर मुलांनी ठिपक्यांनी लिहून आणि वाचून दाखवले. लुई तेव्हा तिथेच होते.

त्यांना क्षयाचा आजार होता. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. 6 जानेवारी 1852 रोजी ते वारले. वाढदिवसाला दोनच दिवस झाले होते, वय 43. फ्रान्सने त्यांची लिपी सरकारी म्हणून मान्य केली ती 1854 साली, म्हणजे त्यांच्यामागे दोन वर्षांनी. हे जरा लवकर करायला काय हरकत होती! 100 वर्षांनी, 1952 साली, त्यांच्या अस्थी पॅरिसला मोठ्या लोकांच्या स्मारकात नेल्या. पण कूव्रे गावाने त्यांचे हात आपल्याकडे ठेवून घेतले. ते अजून गावातच आहेत.

आपल्या देशात आधी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. 1951 साली सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून एक भारती ब्रेल ठरली. मराठीतला क आणि हिंदीतला क बोटाला एकच लागतो. 2009 साली लुई ब्रेल यांच्या जन्माला 200 वर्षे झाली म्हणून सरकारने 2 रुपयांचे नाणे काढले. मतदानाच्या यंत्रावर निळ्या बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. मोठ्या माणसांनी पुढच्या मतदानाला ते बोटाने बघावेत. आम्हांला तेव्हा आत सोडत नाहीत.

ब्रेल लिहायला धातूची पाटी आणि आरीसारखीच एक टोचणी लागते. कागदाच्या मागून टोचायचं असतं, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि कागद उलटवून डावीकडून वाचायचं. आमच्या वर्गातल्या मुलींना हे मुलांच्या आधी जमलं.

या कागदाच्या खाली खिळ्याला माझा बाजरीचा पुठ्ठा टांगला आहे. पाहुण्यांनी डोळे मिटून हात लावावा. फार दाबू नये, दाणे निघतात.

इयत्ता 4 थी