‘द शायनिंग’च्या शेवटच्या फोटोत जॅक कसा? जाणून घ्या कुब्रिक यांनी ठेवलेलं कोडं

बर्फात गोठून मेलेला जॅक पुढच्याच दृश्यात हॉटेलच्या भिंतीवरील ४ जुलै १९२१च्या फोटोत हसताना दिसतो. १९८०च्या या भयपटाचा शेवट असा का, हे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्या प्रवासातून उलगडतं.

सुरुवात फोटोंपासून

कुब्रिक यांचा जन्म २६ जुलै १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बुद्धिबळ आणि कॅमेरा, दोन्ही त्यांना वडिलांकडून मिळाले. शाळा संपताच ते ‘लूक’ मासिकात फोटोग्राफर झाले. पुढे सिनेमाकडे वळले आणि १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्थायिक झाले.

शेवट कसा बदलला?

स्टीफन किंग यांच्या १९७७च्या कादंबरीत बॉयलर फुटून हॉटेल नष्ट होतं. कुब्रिक यांनी मात्र हॉटेल शाबूत ठेवलं. जॅकच्या पत्नी आणि मुलाचा रुग्णालयातील प्रसंगही त्यांनी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच कापला. त्यामुळे जॅकच्या मृतदेहानंतर थेट फोटोच येतो.

अर्थ काय?

- पुनर्जन्म : जॅक पूर्वीही याच हॉटेलात होता. तो कायमच इथला रखवालदार आहे, असं भुताटकीतला ग्रेडी त्याला सांगतो. मुलाखतीत कुब्रिक यांचा कलही याच अर्थाकडे होता.
- हॉटेलचा बळी : मेल्यावर हॉटेलने त्याला आपल्यात ओढून घेतलं.

तो फोटोही खरोखर जुनाच होता. त्यात जॅक निकल्सन यांचा चेहरा बसवला गेला. ७ मार्च १९९९ रोजी कुब्रिक गेले. पडद्यावर मात्र दोन्ही अर्थ आजही खुले आहेत.