न्यायमूर्तींची रजा

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी इतरांसाठी किती अर्ज लिहिले, याची मोजदाद करणे कठीण आहे. १८७१ साली ते सबजज्ज म्हणून पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेच्या कामात शिरले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, त्यामागेही डोके माधवरावांचेच होते. लोकांसाठी असे मागत राहिलेल्या या माणसाने स्वतःसाठी सहा महिन्यांची रजा घेतली ती जानेवारी १९०१ मध्ये. त्याच महिन्याच्या १६ तारखेला रात्री ते गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

रानड्यांची ही रजा माझ्या मनात घर करून बसली आहे, त्याला कारण आहे. मी कोराडीचा. इथल्या वीज केंद्राच्या धुराड्यांखाली माझी सव्वीस वर्षे पाळ्या करण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले. आता तपासणीत काही सापडत नाही. डॉक्टर खूश आहेत, शेजारी पेढे मागतात. पण तोंडाला लाळ सुटत नाही, पाण्याच्या बाटलीशिवाय घास उतरत नाही आणि तिसऱ्या पाळीनंतरचे दोन दिवस अंथरुणातच जातात. प्रकृतीच्या कारणावरून मुदतीआधी निवृत्ती मागावी असे मनात येते आणि तिथेच अडते. माझ्याकडे कामावर रुजू होताना दिलेला दाखला आहे. तो म्हणतो, हा माणूस बरा झाला. अर्जात लिहायचे, बरा नाही. आजारी असताना कुणी काही विचारत नव्हते. बऱ्या झालेल्या माणसाने थांबायचे म्हटले, की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात.

रेडिएशनच्या दिवसांत बोलता येत नव्हते, म्हणून वाचन वाढले. त्यात रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हाती आले. १९१० साली निघालेले हे पुस्तक बहुतेकांनी शाळेत उताऱ्यापुरतेच पाहिलेले असते. ते सबंध वाचावे, आणि घरात आजारपण असेल तर जरूर वाचावे.

शरीराने माधवरावांना इशारे पुष्कळ दिले होते. विद्यार्थिदशेत वाचनाचा अतिरेक होऊन डोळे अधू झाले, ते कायमचेच. पुढे रमाबाई त्यांना वाचून दाखवीत. दिवसा कोर्ट, आणि उरलेल्या वेळात सभा, व्याख्याने, मुलींची शाळा, प्रार्थना समाज, उद्योगधंद्यांचा विचार. १८८७ पासून त्यात सामाजिक परिषदेची भर पडली. दर डिसेंबरात ती काँग्रेसपाठोपाठ गावोगाव फिरे. १८९१ साली ती आमच्या नागपुरातही भरली होती. त्या काळचा आगगाडीचा प्रवास, थंडी आणि जागरणे ध्यानात घेतली, तर हे काम धडधाकट माणसालाही दमवणारे होते.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबईच्या हायकोर्टात गेले. त्याच वर्षी रानड्यांचे एक जुने स्नेही डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले. ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दोघेही मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांतले, दोघेही प्रार्थना समाजाचे. एकाने नोकरी खाली ठेवली, दुसऱ्याने आणखी जड ओझे उचलले. तेलंगांचे उदाहरण डोळ्यांपुढे असूनही माधवरावांनी आपला वेग कमी केला नाही. थोरांना असे बोलू नये म्हणतात, पण हा मला त्यांचा हट्ट वाटतो.

१९०० सालात छातीत पेटके येऊ लागले, विशेषतः रात्री. त्याच वर्षी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. पुढचा भाग मनात होता. डिसेंबरात लाहोरची परिषद आली. जायची तयारी झाली होती, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. शेवटी त्यांनी आपले भाषण गोपाळराव गोखल्यांबरोबर धाडले आणि गोखल्यांनी ते तिथे वाचून दाखवले. जन्मभर जे काम टाकले नाही, ते दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले याचे त्यांना फार लागले. मला तर वाटते, रजा घ्यायची वेळ आली हे त्यांना छातीतल्या कळांपेक्षा लाहोर चुकल्याने अधिक पटले असावे.

रजेचे धड दोन आठवडेही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. इतिहासाचा पुढचा भाग राहून गेला.

आठवणींच्या शेवटच्या पानांत रमाबाईच अधिक दिसतात. नवरा दुखणे हसण्यावारी नेतो आहे, कामाला जुंपून घेतो आहे आणि आपण शेक, तेल, पथ्य यांपलीकडे काही करू शकत नाही, ही त्यांची तगमग मी माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. मी रात्रपाळीला निघालो की ती काही बोलत नाही. बाटली भरून देते आणि फाटकाशी उभी राहते. धाकटीचे इंजिनिअरिंगचे एक वर्ष उरले आहे. फंड, ग्रॅच्युइटी आणि गावाकडची दोन एकर यांचा हिशेब तिनेच वहीच्या मागच्या पानावर मांडला. माझ्या उशाशी ठेवला. वर एक शब्दही बोलली नाही.

गोखल्यांनी गुरूचे काम उचलले, तसा त्यांचा वेगही उचलला. मधुमेह असताना दौरे चालूच राहिले आणि १९१५ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेही गेले. भांडारकर मात्र निवृत्तीनंतर बत्तीस वर्षे जगले. दोन वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९१३ सालचा, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावरचा. ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था उभी राहिली. तब्येत ज्याची त्याची, हे कबूल. तरी नोकरी सुटली म्हणजे माणूस संपला, असे मला सांगणाऱ्यांना मी आता भांडारकरांचे साल सांगतो.

आमच्याकडे जगदंबेच्या देवळामागे तलाव आहे. संध्याकाळी तिथे निवृत्त मंडळी बसतात. त्यांत मुदत भरून आलेले आहेत, तसे मधेच सोडून आलेलेही. त्यांतल्या एका बायपासवाल्याने मला सल्ला दिला, की अर्जात बरा नाही असे लिहूच नका. काय काय जमत नाही, तेवढेच लिहा. तो कागद मी काल पुरा केला. पाळी, लाळ, झोप, वजन, सगळे आकड्यांनिशी लिहिले. सोमवारी डॉक्टरांची सही घ्यायची आहे.