बापाचे कान आणि लेकाचा सायलेन्सर

मोटारसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरचा चटका पोटरीला बसलेला माणूस आपल्याकडे घरोघरी सापडतो. पण सायलेन्सर हे नाव घेऊन शंभर वर्षांपूर्वी बाजारात गाजलेली वस्तू बंदुकीसाठी होती. ती बनवणारे अमेरिकन अभियंते हायरम पर्सी मॅक्झिम यांच्या घरातच आवाजाने एक बळी घेतला होता. त्यांच्या वडिलांचे कान गेले होते.

वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे मशीनगनचे जनक. १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी अशी तोफ बनवली, की गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यानेच पुढची गोळी भरली जाई. मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या सुटत. राजेरजवाडे आणि सेनापतींसमोर ते स्वतः ती चालवून दाखवत. कानांना संरक्षण काहीच नसे. पुढे ते ठार बहिरे झाले.

यात नवल नाही. अंतर्कर्णातील शंखाकृती नळीत ध्वनीच्या लहरी टिपणाऱ्या केशपेशी असतात. एका कानात त्या जेमतेम पंधरा-सोळा हजार. बंदुकीच्या बाराने त्या एका क्षणात मोडू शकतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. अनेकांच्या कानात कायमची शिट्टी वाजत राहते. यावर आजही औषध नाही.

पर्सी यांचा जन्म १८६९ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमधला. १८८१ मध्ये वडील युरोपात गेले आणि तिकडेच स्थिरावले. मुले आईजवळ अमेरिकेत वाढली. पर्सी हुशार होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८६ मध्ये, ते बोस्टनच्या एमआयटीतून पदवी घेऊन बाहेर पडले. तेव्हा त्यांच्या डोक्यात मोटार होती. तोफेच्या रिकाम्या काडतुसात पेट्रोलचे थेंब टाकून, ते पेटवून किती ताकद निघते, हे त्यांनी पाहिले. त्यातून इंजिन झाले आणि इंजिनावर चालणारी तीनचाकी झाली. पुढे हार्टफर्ड शहरातील पोप कंपनीत ते मोटारी घडवू लागले. इंजिनाचा फटफटाट मात्र पाठ सोडेना.

इंजिन असो वा बंदूक, आवाजाचे मूळ एकच. कोंडलेला तप्त वायू एकदम मोकळा होतो आणि हवेला धपाटा बसतो. न्हाणीच्या टबातले पाणी भोवरा घेत सावकाश निचरताना पाहून पर्सींना युक्ती सुचली, असे सांगतात. बंदुकीच्या तोंडाला एक नळकांडे लावायचे. मधल्या भोकातून गोळी सरळ निघून जाईल आणि मागून येणारा वायू आतल्या पडद्यांवर आपटत, फिरत, थंड होत हळूहळू बाहेर पडेल. ३० मार्च १९०९ रोजी त्यांना याचे पेटंट मिळाले. हे नळकांडे दुकानांत आणि टपालानेही विकले जाई. शेजाऱ्यांना त्रास न देता नेमबाजीचा सराव करता येतो, ही त्याची मोठी जाहिरात होती.

मॅक्झिम यांच्यापुढे धातूची निवड हा प्रश्नच नव्हता. नळकांडे पोलादाचेच असायचे. पेटंटनंतर वर्षभरात, १९१० मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे मॅथ्यू हंटर यांनी प्रथमच शुद्ध टायटॅनियम मिळवले. पण कारखान्यात ते तयार होऊ लागायला १९४८ साल उजाडले. आज मात्र रायफलचा सायलेन्सर घेणाऱ्याला दुकानात पहिला प्रश्न तोच असतो: टायटॅनियम की स्टील? हाड मोडल्यावर बसवायच्या पट्टीबद्दल आपल्याकडच्या रुग्णालयांत नातेवाईकही नेमके हेच विचारतात.

उत्तर दोन्हीकडे वापरावर ठरते. टायटॅनियम त्याच आकाराच्या स्टीलपेक्षा सुमारे ४० टक्के हलके आणि गंजाला दाद न देणारे. नळीच्या टोकाला लटकणारे वजन कमी झाले, की खांदा आणि मनगट कमी दमते. दिवसभर रानात फिरून एक-दोन बार काढणाऱ्या शिकाऱ्याला ते सोयीचे. पण लागोपाठ बार काढले, की नळकांडे तापते. काही शे अंश तापमानाला टायटॅनियमची ताकद झपाट्याने उतरते, आतले पडदे झिजतात, ठिणग्याही उडतात. तिथे जड असले तरी स्टील किंवा निकेलचे मिश्रधातू टिकतात. स्टील स्वस्तही पडते.

कानाला मात्र या निवडीने फारसा फरक पडत नाही. आवाज किती उतरणार, हे धातूपेक्षा आतल्या जागेवर आणि पडद्यांच्या रचनेवर ठरते. रायफलच्या बाराचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो. चांगला सायलेन्सर तो २० ते ३० डेसिबलने उतरवतो. डेसिबलचे गणित वेगळे असते. ३० डेसिबल उतरले, म्हणजे ध्वनीची ऊर्जा हजाराव्या भागावर आली. तरीही उरतात १३० ते १४० डेसिबल. अशा क्षणिक स्फोटासाठी १४० हीच धोक्याची रेषा मानतात. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत जो कडाका काढते, तो कोणत्याच नळकांड्याला अडवता येत नाही. सिनेमातले हलके ‘फुस्स’ खरे नव्हे. सायलेन्सर कोणत्याही धातूचा असो, कानांवर संरक्षक हवेतच.

वडील १९१६ मध्ये वारले. शेवटच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या जुनाट खोकल्यासाठी मेंथॉलची वाफ घेण्याचे यंत्र बनवले होते. तोफ बनवली तेव्हा वाहवा करणाऱ्यांनी या यंत्राला वैदूगिरी म्हणून नावे ठेवली, याचे त्यांना दुःख होते.

मुलाने पुढे बंदुका सोडल्या. गुन्हेगारांच्या हाती सायलेन्सर लागतील, या भीतीने १९३४ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक नळकांड्यावर २०० डॉलरचा कर बसवला. पण मॅक्झिम यांच्या कंपनीने त्याआधीच ते बनवणे थांबवले होते आणि तीच विद्या इंजिने व कारखान्यांतील यंत्रांचा आवाज दाबण्यासाठी लावली होती. संध्याकाळी ते कानाला फोन लावून दूरवरचे क्षीण बिनतारी संदेश ऐकत. एकदा त्यांचा संदेश जवळच्या शहरात पोहोचेना, तेव्हा मधल्या गावातल्या हौशी माणसाने तो पुढे पाठवला. त्यातून १९१४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांची संघटना उभी केली. ती आजही चालू आहे. वडिलांना जे सुख उरले नव्हते, त्याच सुखात मुलाच्या आयुष्याची अनेक वर्षे गेली.

फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील वेधशाळा पाहायला जाताना घशाच्या संसर्गाने त्यांना कोलोरॅडोत आगगाडीतून उतरवावे लागले. १७ तारखेला ते वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा अशाच घशाच्या संसर्गातून नव्या सल्फा औषधाने वाचला. त्या आजारावर उपाय निघाला. आवाजाने गेलेल्या कानावर नव्वद वर्षांनंतरही निघालेला नाही. गाडीचा सायलेन्सर काढून रस्त्यावर फटफटाट करत जाणाऱ्या पोराला आणि त्याच्या मागे बसणाऱ्यालाही हे माहीत असायला हवे.