लोकनायकांचे यंत्र

लोकनायक जयप्रकाश नारायण म्हटले की १९७४ चे बिहार आंदोलन, पाटण्याचे गांधी मैदान आणि आणीबाणी एवढेच आपल्याला आठवते. राज्यशास्त्राच्या पेपरात टीप लिहावयाची असली तर आपण तेवढेच लिहितो. परंतु आयुष्याची अखेरची चार वर्षे हा माणूस एका यंत्राच्या आधाराने जगला, आणि ते यंत्र कोणाच्या पैशाने आले, ही हकीकत आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या खेड्यात झाला. १९२० साली प्रभावतीदेवींशी विवाह झाला. १९२२ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि फळबागांत, कारखान्यांत, उपाहारगृहांत मोलमजुरी करून शिकले. १९२९ मध्ये परतल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात पडले. १९३२ साली त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्या सहवासात समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. या पक्षातले त्यांचे जिवलग सहकारी म्हणजे युसुफ मेहेरअली. पेणहून पनवेलला जाताना महामार्गावर तारा गावी ज्यांच्या नावाचे केंद्र लागते, तेच हे मेहेरअली.

१९४२ च्या दिवाळीत जयप्रकाशांनी धोतरे एकमेकांना बांधून हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडली. स्वातंत्र्यानंतर मात्र त्यांनी सत्तेचे पद स्वीकारले नाही. १९५४ मध्ये विनोबांच्या भूदान कार्याला त्यांनी आपले जीवन वाहिले. १९७३ साली प्रभावतीदेवी कर्करोगाने गेल्या आणि ते एकाकी झाले. तरीही पुढच्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या हाकेला ओ देऊन ते रस्त्यावर आले. तेव्हा त्यांचे वय ७१ होते!

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली आणि पहाट होण्यापूर्वी त्यांना दिल्लीत अटक झाली. चंदीगडच्या रुग्णालयात त्यांना स्थानबद्ध ठेवण्यात आले. मधुमेह होताच. स्थानबद्धतेत प्रकृती ढासळत गेली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले.

मूत्रपिंडे रक्तातील मळ आणि जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकतात. ती बंद पडली की तो मळ अंगात साचतो आणि काही दिवसांत माणूस दगावतो. यावर एक उपाय म्हणजे तो मळ दुसऱ्या मार्गाने काढणे, म्हणजेच डायलिसिस. जयप्रकाशांचे रक्त नळीने बाहेर काढून, यंत्रातील पातळ पडद्यातून गाळून परत शरीरात सोडले जाई. एका वेळेला काही तास लागत, आणि दोनतीन दिवसांनी पुन्हा तेच. हे एकदोन महिने नव्हे, जन्मभर!

असे एक यंत्र त्यांच्यापाशी असावे म्हणून १९७६ मध्ये निधी उभारण्यात आला. सामान्य माणसांनी एकएक रुपया द्यावा असे आवाहन होते. त्या वेळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीही पंतप्रधान साहाय्य निधीतून ९० हजार रुपये पाठविले. ती रक्कम जयप्रकाशांनी परत केली. ज्याचा श्वास यंत्रावर अवलंबून आहे त्याने आलेला पैसा नाकारावा, हा मला अविचार वाटत नाही. देहाने परावलंबी झालेला माणूस आपण कोणावर अवलंबून राहावयाचे एवढे तरी ठरवू शकतो, आणि जयप्रकाशांनी ते जनतेवर राहावयाचे ठरविले.

त्याच स्थितीत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीचा प्रचार केला. सत्ताबदल झाला. मे महिन्यात त्यांना उपचारासाठी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी नेण्यात आले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना या शहराचे ऋण मोठे आहे. १९६० मध्ये डॉ. स्क्रिबनर यांनी तेथे हातात कायम राहणारी नळी बसविली, म्हणून रक्ताचे डायलिसिस वारंवार करणे शक्य झाले. पुढे १९६८ मध्ये त्याच शहरात डॉ. टेंकहॉफ यांनी पोटात ठेवावयाची मऊ नळी तयार केली. आपल्या उदरपोकळीला पेरिटोनियम नावाचे पातळ अस्तर असते. त्या अस्तरालाच गाळणी करावयाची, ही दुसरी वाट. १९७६ मध्ये टेक्सासमधील पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी रुग्णाने ही क्रिया घरीच, हिंडताफिरता करावी अशी पद्धत सुचविली. भारतात ती रुळली १९९० नंतर. जयप्रकाशांच्या वाट्याला यंत्रच आले.

ही दुसरी वाट मी रोह्याजवळ मामाच्या घरी पाहिली आहे. आठवड्यातून तीनदा मुंबई त्याला झेपणारी नव्हती. आता पिशवीतील दोन लिटर द्रावण नळीने पोटात सोडतात, चारसहा तास ठेवतात आणि काढून टाकतात. असे दिवसातून चार वेळा. यातला मोठा शत्रू म्हणजे जंतू. नळी जोडताना हाताचा नुसता स्पर्श झाला तरी जंतू थेट उदरपोकळीत जातात. मामी सातवी शिकलेली. ती दार लावते, पंखा बंद करते, तोंडाला फडके बांधते, साबणाने हात धुते आणि मगच पिशवीला हात लावते. निघालेली पिशवी ती वर्तमानपत्रावर ठेवते. अक्षरे वाचता आली तर द्रावण स्वच्छ. गेल्या श्रावणात अक्षरे दिसेनात, मामाच्या पोटात कळा येऊ लागल्या. त्याच दिवशी मुंबई गाठली. प्रतिजैविके द्रावणाच्या पिशवीतूनच पोटात सोडली, म्हणून निभावले. उशीर झाला असता, किंवा असे वारंवार झाले असते, तर नळीच काढावी लागली असती. मामाची खोली गावकीने वर्गणी काढून फरशी घालून दिली आहे, हेही सांगितले पाहिजे.

मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश जसलोकमध्ये असताना संसदेत त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा झाली. जिवंतपणी श्रद्धांजली ऐकण्याचा असा प्रसंग क्वचितच कोणावर आला असेल. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पाटण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

जयप्रकाशांसाठी देश रुपया-रुपया काढावयास तयार होता. पण ज्याला देश ओळखत नाही अशा मजुराने काय करावे? २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना रक्ताचे डायलिसिस मोफत मिळू लागले आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिसचाही त्यात समावेश झाला. योजना कागदावर आहेत. त्यांची माहिती खेड्यातल्या ओटीपर्यंत नेणे आणि अर्ज भरून देणे हे काम आपणा शिकणाऱ्यांचे आहे. लोकनायकांना विद्यार्थ्यांवर विश्वास होता. त्या विश्वासाला जागावयाचे तर एवढे तरी आपल्याला करता येईल.