पांढऱ्या सुटातला बॉस

दर शुक्रवारी रात्री अमेरिकेतील लक्षावधी घरांत एक नारिंगी मोटार ओढ्यावरून झेप घेत असे. ती हवेत असतानाच चित्र थबके, निवेदकाच्या घोगऱ्या आवाजात एखादी कोपरखळी ऐकू येई आणि जाहिराती सुरू होत. जाहिराती संपल्या, की मोटार पलीकडे सुखरूप उतरे आणि पाठलाग करणारी पोलिसांची गाडी मात्र थेट चिखलात जाऊन पडे. त्या गाडीतल्या बिनतारी यंत्रावरून कोणीतरी संतापाने ओरडत असे. तो ओरडणारा गृहस्थ म्हणजे जेफरसन डेव्हिस हॉग ऊर्फ बॉस हॉग. अंगात पांढराशुभ्र सूट, डोक्यावर पांढरी हॅट, तोंडात सिगार आणि दाराशी बैलाची शिंगे लावलेली पांढरी कॅडिलॅक. सीबीएस वाहिनीवर २६ जानेवारी १९७९ ते ८ फेब्रुवारी १९८५ या काळात गाजलेल्या 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या मालिकेतील हा खलनायक. तो रंगविणारे सॉरेल बुक कोलंबिया आणि येल या दोन नामवंत विद्यापीठांतून शिकलेले, पाच भाषा जाणणारे अभ्यासू गृहस्थ होते, हे त्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. आडनाव त्यांना शोभणारेच होते म्हणायचे!

बुक यांचा जन्म ४ जानेवारी १९३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. बफेलो हे कॅनडाच्या सीमेवरचे, कडाक्याच्या थंडीचे आणि कारखान्यांचे शहर. पुढे ज्या दक्षिणी जमीनदाराच्या भूमिकेने त्यांना घरोघरी पोहोचविले, त्या दक्षिणेशी त्यांचा जन्माने काडीचाही संबंध नव्हता. कोरियन युद्धाच्या काळात ते लष्करात दाखल झाले आणि प्रतिहेरगिरी विभागात त्यांनी काम केले. सैन्यातून परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीची वाट धरली. ठेंगणी, स्थूलपणाकडे झुकणारी अंगकाठी आणि लवकर विरळ होत गेलेले केस. नायकाच्या भूमिका आपल्या वाट्याला येणार नाहीत, हे त्यांना पहिल्यापासूनच उमगले असणार. चरित्र अभिनेत्याचा मार्ग त्यांनी पत्करला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही.

त्यांच्या कारकिर्दीकडे आज मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बॉस हॉग हा काही १९७९ साली अचानक अवतरलेला नव्हता. त्याची पूर्वतयारी वीस वर्षे आधीच सुरू झाली होती आणि तीही अगदी वेगळ्या हेतूने लिहिलेल्या नाटकांतून.

१९६० साली 'फिनियन्स रेनबो' या संगीतिकेचे ब्रॉडवेवर पुनरुज्जीवन झाले. त्यात बुक यांच्याकडे सिनेटर रॉकिन्स ही भूमिका आली. हा दक्षिणेकडील वर्णद्वेष्टा राजकारणी एका जादूच्या प्रभावाने स्वतःच कृष्णवर्णीय होतो आणि आपण ज्यांची पाठराखण केली ते कायदे अंगावर आल्यावर कसे वाटते, हे त्याला कळून चुकते. त्यानंतर, सप्टेंबर १९६१ मध्ये, 'पर्ली व्हिक्टोरियस' हे नाटक रंगमंचावर आले. ते ऑसी डेव्हिस या कृष्णवर्णीय नाटककार-अभिनेत्याने लिहिले होते आणि प्रमुख भूमिकाही स्वतःच केली होती. त्यांच्या पत्नी रुबी डी नायिका होत्या. नाटक घडते जॉर्जियातल्या एका कापसाच्या मळ्यावर. मळ्याचा गोरा मालक ओल्ड कॅप्टन कॉचिपी हातात चाबूक घेऊन वावरतो, मजुरांना कर्जाच्या विळख्यात जखडून ठेवतो आणि वर ही माणसे माझ्यावर प्रेमच करतात, अशा भ्रमात राहतो. बुक यांनी हा मालक उभा केला.

ही भूमिका सोपी नव्हती. दक्षिणेकडे त्याच सुमारास वर्णभेदाविरुद्धचे आंदोलन पेटले होते. बसगाड्यांतून एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या व काळ्या तरुणांना मारहाण होत होती. अशा वेळी एका जुलमी मळेवाल्याला हास्यास्पद करून दाखवायचे म्हणजे तोल सांभाळण्याची कसरत होती. तो फार भीषण झाला तर हसू आटते, फार गोंडस झाला तर त्याचा जुलूम विसरला जातो. डेव्हिस यांनी हास्याचे शस्त्र जाणूनबुजून निवडले होते आणि प्रेक्षागृहात बसलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक आपल्याच छळकर्त्याला हसत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनीही हे नाटक पाहिले. अखेरीस आपल्या पोटच्या मुलानेच आपल्याला फसवून चर्चची मालकी काळ्यांच्या हवाली केली, हे कळल्यावर कॅप्टन उभ्याउभ्याच गतप्राण होतो. हा मुलगा रंगविला होता ॲलन अल्डा या तेव्हा फारशा ठाऊक नसलेल्या नटाने. नाटकाचे अडीचशेहून अधिक प्रयोग झाले. १९६३ मध्ये बहुतेक त्याच कलावंतांना घेऊन त्यावर 'गॉन आर द डेज' हा चित्रपटही निघाला. बुक यांचा कॅप्टन आज पाहायचा असेल तर तो या चित्रपटात पाहता येतो.

त्यानंतरची पंधरा वर्षे चरित्र अभिनेत्याची असतात तशीच गेली. वर्णभेदावरील 'ब्लॅक लाइक मी' आणि अणुयुद्धाच्या भयावरील 'फेल सेफ' हे १९६४ चे दोन चित्रपट, 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' मधील श्रीमंत सासरा, दूरचित्रवाणीवर 'कोलंबो' आणि 'ऑल इन द फॅमिली' मधील पाहुण्या भूमिका. १९७२ च्या 'व्हॉट्स अप, डॉक?' या धमाल चित्रपटात ते हॉटेलचे खासगी गुप्तहेर झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून होणारा या चित्रपटातील मोटारींचा पाठलाग आजही विनोदी पाठलागांचा नमुना मानला जातो. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'मॅश' या कोरियन युद्धावरील मालिकेत ते सेनाधिकारी बार्कर म्हणून आले. तिथे मुख्य भूमिकेत होते ॲलन अल्डा, म्हणजे कॅप्टन कॉचिपीचे चिरंजीव. खुद्द कोरियन युद्धाच्या काळात गणवेश चढविलेल्या माणसाने त्या युद्धाच्या विनोदी मालिकेत काम करावे, हाही एक योगायोगच.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांच्याकडे हॅझर्ड चालून आली. कौंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील लहानसा जिल्हा. हॅझर्ड ही जॉर्जिया राज्यातील काल्पनिक कौंटी. मालिकेचे मूळ गाय वॉल्ड्रन यांच्या १९७५ च्या 'मूनरनर्स' या चित्रपटात होते. दक्षिणेच्या डोंगराळ भागात हातभट्टीची दारू गाळण्याचा धंदा पिढ्यान्पिढ्या चालत आला होता. ती दारू रात्रीच्या अंधारात शहरात पोहोचविणारे तरुण अबकारी अधिकाऱ्यांना चुकविण्यासाठी मोटारींची इंजिने अधिक ताकदीची करून घेत. अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या एका मोठ्या परंपरेचे मूळही याच धंद्यात आहे. बो आणि ल्यूक ड्यूक हे मालिकेतील दोन चुलतभाऊ याच धंद्यात सापडून शिक्षेतून सशर्त सुटलेले. त्यांना बंदूक बाळगण्याची मनाई, म्हणून ते धनुष्यबाण वापरतात. कौंटीची हद्द ओलांडण्याचीही परवानगी नाही. त्यांच्या शेतावर डोळा ठेवून बसलेला बॉस हॉग कौंटीचा आयुक्त आहे, बँक त्याची आहे, गावचे मद्यगृहही त्याचेच आहे आणि शेरीफ रॉस्को हा तर त्याचा सख्खा मेहुणा. म्हणजे कायदा खिशात. शेत गिळंकृत करण्याचा त्याचा डाव दर आठवड्याला ठरतो आणि दर आठवड्याला फसतो.

हा हॉग उभा करण्यासाठी बुक सुटाच्या आत कापडी भरणा बांधत. मूळचे ते स्थूल होते, पण एवढे नव्हते. तोंड सतत काहीतरी चघळत असायचे, राग आला की आवाज टिपेला जायचा आणि क्षणात समोर पैसा दिसला की चेहरा लोण्यासारखा विरघळायचा. शेरीफ झालेले जेम्स बेस्ट आणि बुक यांची जोडी विलक्षण जमली. दोघांचे कितीतरी प्रसंग संहितेबाहेर, चित्रीकरणाच्या ओघात रंगत. एका भागात तर हॉगचा जुळा भाऊही बुक यांनीच केला. तो प्रामाणिक, काळ्या सुटातला, काळ्या कॅडिलॅकमधून हिंडणारा आणि नाव अब्राहम लिंकन हॉग! ज्या माणसाने कॅप्टन कॉचिपी केला होता, त्याला या विनोदातली मेख सांगायची गरज नव्हती.

मालिकेचा खरा नायक मात्र ती नारिंगी मोटार होती. १९६९ च्या बनावटीची डॉज चार्जर, नाव 'जनरल ली'. नोव्हेंबर १९७८ मध्ये जॉर्जियात तिची पहिली गाजलेली उडी चित्रित झाली. ती जमिनीपासून सुमारे १६ फूट उंच गेली आणि तिने ८० फुटांहून अधिक अंतर कापले. इंजिनाच्या भाराने नाक खाली जाऊ नये म्हणून मागच्या डिकीत वजन भरावे लागे. पडद्यावर ती उतरून तशीच धावत सुटे; प्रत्यक्षात अशा उडीनंतर सांगाडा वाकून ती निकालात निघे. सात मोसमांत तीनशेच्या आसपास चार्जर गाड्या खर्ची पडल्या, असा अंदाज सांगितला जातो. अखेरीअखेरीस तर गाड्यांचा तुटवडा आणि खर्च यांमुळे छोट्या प्रतिकृतींवर वेळ मारून न्यावी लागली. १९८०-८१ च्या मोसमात लोकप्रियतेत ही मालिका देशात दुसऱ्या क्रमांकावर होती; पहिला क्रमांक 'डॅलस'चा.

१९८२ मध्ये खेळणी आणि इतर वस्तूंच्या विक्रीतील वाट्यावरून दोन्ही नायक मालिका सोडून गेले. त्यांच्या जागी आणखी दोन चुलतभाऊ आणले गेले, पण प्रेक्षक फिरकेनात. त्या पडत्या मोसमात मालिकेचा तोल सांभाळला तो बुक, बेस्ट आणि काका जेसी झालेले डेन्व्हर पाइल यांच्यासारख्या मुरलेल्या नटांनी. १९८३ च्या प्रारंभी नायक परतले. बुक यांनी काही भागांचे दिग्दर्शनही केले आणि मालिकेच्या व्यंगचित्र आवृत्तीत हॉगला आवाजही दिला.

आता अडचणीचा भाग. 'जनरल ली'च्या टपावर दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा ध्वज रंगविलेला होता. गुलामगिरी टिकविण्यासाठी ज्या राज्यांनी १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध केले, त्यांचा हा ध्वज. मोटारीचे नाव त्यांच्या सेनापतीचे आणि हॉगचे नाव त्यांच्या अध्यक्षाचे. 'पर्ली व्हिक्टोरियस'मधला मळा आणि हॅझर्ड यांत कमालीचे साम्य आहे. राज्य तेच, कर्जाचा फास तोच, लोभी मालकही तोच. फरक हसणाऱ्यांत आहे. नाटकात मालकाला हसत होते त्याच्या चाबकाखाली राबणारे लोक. मालिकेत त्याला हुलकावणी देतात ती दोन गोरी, देखणी मुले. आणि राबणारे लोक हॅझर्डमधून जवळजवळ नाहीसेच झालेले आहेत. शेजारच्या चिकसॉ कौंटीचा कृष्णवर्णीय शेरीफ लिटल, ज्याला ड्यूक बंधूही वचकून असतात, हा एक ठळक अपवाद. मालिका लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिच्यातला सगळा रोख भ्रष्ट सत्तेवरच होता. पण कॅप्टन कॉचिपीचा चाबूक तेवढा काढून घेतला आणि बाकीचा माणूस हसण्यासाठी ठेवला, असे मात्र झाले. बुक यांचा अभिनय दोन्हीकडे तितकाच अचूक असल्यामुळे हे अधिकच लक्षात येते.

मालिका संपल्यावर बुक पुन्हा पाहुण्या भूमिका आणि व्यंगचित्रपटांना आवाज देणे यांत रमले. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसमधील शर्मन ओक्स येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट. १९९७ मध्ये जुने कलावंत एकत्र येऊन एक विशेष चित्रपट निघाला, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बॉसचा पांढरा सूट चढविला गेला नाही. २००५ च्या चित्रपटात तो बर्ट रेनॉल्ड्स यांच्या अंगावर आला. सूट शोभला, हॉग काही दिसला नाही.

जून २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे एका गोऱ्या तरुणाने चर्चमध्ये शिरून नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. त्याची त्या ध्वजासोबतची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि देशभर ध्वजाविरुद्ध संतापाची लाट उसळली. काही दिवसांतच टीव्ही लँड या वाहिनीने 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड'चे पुनःप्रक्षेपण थांबविले. ध्वज असलेल्या खेळण्यातल्या मोटारींची निर्मितीही बंद झाली. बेस्ट यांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले होते. पाइल १९९७ सालीच गेले होते.

'पर्ली व्हिक्टोरियस' मात्र २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, बासष्ट वर्षांनी, ब्रॉडवेवर परतले. या वेळी कॅप्टन कॉचिपी झाले होते जे. ओ. सँडर्स. उभ्याउभ्या प्राण सोडण्याचा तो प्रसंग नाटकात अजूनही आहे.